प्रत आणि पहारा

झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि औषधिद्रव्यविषयक गुन्हेगार यांच्या विघातक कृत्यांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्र राज्याने १९८१ साली जो अधिनियम केला, त्याच्या मुळातच लांबलचक असलेल्या नावात २००९ साली आणखी एका वर्गाची भर पडली. दृक्श्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती, म्हणजेच व्हिडिओ पायरेट्स, असा तो वर्ग. पुढे काही वर्षांनी त्याच पंक्तीत वाळूतस्कर आणि अत्यावश्यक वस्तूंचा काळाबाजार करणारेही येऊन बसले. ज्या इंदापूर तालुक्याच्या शिवेने भीमा वाहते आणि जेथे उजनीच्या पाण्यात वाळू उपसणाऱ्या बोटी पकडून त्या स्फोटाने उडवून देण्याचे काम महसूल खात्यास वरचेवर करावे लागते, तेथील माणसास वाळूतस्कर म्हणजे कोण हे समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु बाजारपेठेतल्या मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपये घेऊन गिऱ्हाइकाच्या मेमरी कार्डात नवा चित्रपट भरून देणारा पोरगा आणि नदीचे पात्र खरवडून नेणारा डंपरचा धनी हे दोघेही एकाच अधिनियमाखाली, न्यायालयात गुन्हा शाबीत होण्यापूर्वीच, बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध होऊ शकतात, हे ऐकून तोही क्षणभर विचारात पडेल.

चोरटी प्रत विकणे निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही. ज्याने दोन वर्षे खपून चित्रपट उभा केला, त्याच्या पदरचे तिकिटाचे पैसे त्या दहा रुपयांत बुडतात, हे उघड आहे. मला एवढेच दाखवावयाचे आहे की, नकलेच्या अपराधाचे स्वरूप यंत्रांबरोबर पालटत गेले, प्रत्येक पालटाबरोबर मोठ्या मनोरंजन कंपन्यांनी अधिक विस्तृत अधिकार मागितले व बहुधा मिळविले, आणि या सर्व काळात कायद्याची कक्षा जितकी रुंदावली तितका त्याचा नेमकेपणा मात्र वाढला नाही.

छापखाने येण्यापूर्वी आपल्याकडे प्रत करणे हा अपराध नव्हता, पुण्यकर्म होते. मोरोपंत पराडकर १७२९ मध्ये पन्हाळ्यास जन्मले, पण त्यांचे आयुष्य गेले ते कऱ्हाकाठच्या बारामतीत, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने. आणि तेथेच १७९४ मध्ये त्यांचा देह पडला. त्यांनी महाभारत आर्यांत आणले, एकशेआठ रामायणे रचली, केकावली लिहिली; आणि या प्रचंड वाङ्मयाचा प्रसार कोणी केला, तर पोथ्या उतरवून घेणाऱ्या लेखकांनी, पुराणिकांनी आणि कीर्तनकारांनी. एकेक प्रत बारामतीहून निघावी, दुसऱ्या गावी कोणी ती उतरवून घ्यावी, तिच्यावरून आणखी कोणी उतरवावी, आणि यातल्या एकानेही पंतांकडे परवानगी मागू नये, याचे कोणास काही वाटत नसे. कारण कवीची उपजीविका पोथीच्या विक्रीवर नव्हे, आश्रयदात्याच्या वेतनावर व बिदागीवर चालत असे. प्रत वाढली की कीर्ती वाढे, आणि कीर्ती वाढली की बिदागी.

तथापि त्या काळीही वाङ्मयचौर्य ही कल्पना लोकांस अज्ञात नव्हती. तुकोबांच्या चरित्रात सालोमालो नावाच्या हरिदासाची कथा परंपरेने सांगतात; तो तुकोबांचेच अभंग गाई, परंतु शेवटची नाममुद्रा काढून तेथे स्वतःचे नाव घाली. अभंग उतरवून घेतल्याबद्दल किंवा गायिल्याबद्दल कोणी त्यास दोष दिला नाही. दोष दिला तो नाव पुसल्याबद्दल. आजच्या भारतीय कायद्यात, म्हणजे १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमात, ५७ वे कलम ग्रंथकाराचा हा विशेष अधिकार मान्य करते: हक्क पैशाने दुसऱ्यास विकून टाकले तरीही कृती आपली असल्याचे सांगण्याचा आणि तिच्या विद्रूपीकरणास हरकत घेण्याचा अधिकार कर्त्यापाशीच राहतो. परंतु वृत्तपत्रांत ज्या फिर्यादी गाजतात त्यांत हे कलम क्वचितच दिसते. तेथे वाद असतो तो विकत घेतलेल्या हक्काचा.

हा विकत घेता येणारा हक्क मुद्रणयंत्राचे अपत्य आहे. इंग्लंडात राणी ॲनच्या कारकीर्दीत १७१० साली ग्रंथकारास चौदा वर्षांचा हक्क देणारा कायदा अमलात आला. आपल्याकडे कंपनी सरकारने १८४७ मध्ये या विषयावर पहिला कायदा केला. त्यानंतर १९१४ चा कायदा, तोही विलायतेतील १९११ च्या कायद्याची थोडीफार फेरफार केलेली आवृत्ती. आणि मग स्वतंत्र भारताचा १९५७ चा अधिनियम, जो २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. कर्त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे हक्क राहावा अशी त्यात मूळ तरतूद होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये निवर्तले, त्यांचे वाङ्मय १९९१ अखेर मुक्त होणार अशी वेळ आली, तेव्हा मुदत साठ वर्षांची करण्यात आली. एका कवीच्या वाङ्मयासाठी सबंध देशातील सर्व ग्रंथकारांची मुदत दहा वर्षांनी वाढावी, ही घटना कायदे कशाने हलतात हे समजण्यास पुरेशी बोलकी आहे.

ज्या देशाच्या कंपन्या आज जगास प्रतिलिप्यधिकाराचे धडे देतात, त्या अमेरिकेने १८९१ पर्यंत परकी ग्रंथकारांस कोणतेही संरक्षण दिले नव्हते. इंग्रज कादंबऱ्या तेथे राजरोस छापल्या जात आणि लेखकास त्यातून कायद्याने एक कवडी मिळत नसे. नवखा असताना नक्कल करावी आणि स्थिरावल्यावर नकलेविरुद्ध कायदा मागावा, हा क्रम आपल्याकडेही घडला. १९८० च्या सुमारास ध्वनिफितींचा सुकाळ झाला, तेव्हा ग्रामोफोन कंपनीच्या तबकड्यांची मक्तेदारी मोडून स्वस्त कॅसेटी खेडोपाडी पोहोचविणाऱ्यांत दिल्लीचे गुलशन कुमार अग्रेसर होते. जुनी लोकप्रिय गाणी दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेऊन विकण्यास कायद्यातील एका सवलतीचा त्यांनी भरपूर उपयोग केला, आणि अनधिकृत प्रतींचे आरोपही त्यांच्यावर त्या काळी झाले. त्यांचीच सुपर कॅसेट्स कंपनी पुढे मायस्पेस या अमेरिकी संकेतस्थळाविरुद्ध, आपली गाणी लोक तेथे चढवितात म्हणून, दिल्ली उच्च न्यायालयात वादी झाली. त्या खटल्याकडे पुढे वळावेच लागेल.

कॅसेटीमागोमाग व्हिडिओ आला. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांनंतर रंगीत दूरचित्रवाणी आणि व्हीसीआर यांचा शिरकाव होताच तालुक्याच्या गावांतून व्हिडिओ पार्लरे निघाली. गणपतीत, जत्रेत, बारशाला भाड्याने व्हिडिओ आणून रात्रभर तीन-तीन चित्रपट दाखविण्याची चाल पडली. ऊसपट्ट्यात, जेथे कारखान्याच्या हंगामात माणसांच्या हाती रोख पैसा खेळे पण चित्रपटगृह मात्र गावोगाव नसे, तेथे हा धंदा न फोफावता तरच नवल. संसदेने १९८४ मध्ये कायदा कडक केला: आज ६३ व्या कलमान्वये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी जी शिक्षा आहे, ती त्या दुरुस्तीची देणगी. मग केबल आली, आणि गावातला केबलवाला रात्री आपल्या स्थानिक वाहिनीवर नवा चित्रपट लावू लागला. २००२ च्या जागतिक फुटबॉल स्पर्धेच्या वेळी ताज टेलिव्हिजन या कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन, आपली वाहिनी विनापरवाना दाखविणाऱ्या देशभरच्या केबलवाल्यांची नावेसुद्धा ठाऊक नसताना त्यांच्याविरुद्ध मनाई हुकूम मिळविला. अनामिक प्रतिवादीविरुद्धच्या या हुकमास विलायती परिभाषेत ‘जॉन डो’ म्हणतात. आपल्या न्यायालयांनी त्या अज्ञात इसमाचे बारसे करून त्याचे नाव ‘अशोक कुमार’ ठेवले. ज्यास आपल्यावर दावा झाला आहे हेच ठाऊक नाही, अशा माणसास आपली कैफियत मांडण्याची संधी तरी कधी मिळावी, हा प्रश्न त्या नामकरणातच लपला आहे.

यानंतरचा काळ मेमरी कार्डाचा. ‘गाणी व पिक्चर भरून मिळतील’ अशी पाटी ज्याच्या दाराशी नाही असे मोबाइलचे दुकान तेव्हा एस. टी. स्थानकाच्या आसपास सापडणे कठीण होते. दुकानदाराच्या संगणकात दोन-तीनशे चित्रपट साठविलेले असत आणि आठवड्यातून एकदा तो स्वतः किंवा पुण्याहून येणारा कोणी त्यात नवी भर घाली. २९ एप्रिल २०१६ रोजी ‘सैराट’ प्रदर्शित झाला. नागराज मंजुळे हे उजनीच्या पैलतीरावरील, करमाळा तालुक्यातील जेऊरचे. चित्रपटातला मुलूखही तोच. इंदापूर तालुक्यातील कळाशीहून नावेत बसावे आणि पाणी ओलांडून करमाळ्याच्या बाजूस कुगावी उतरावे, इतका तो प्रदेश येथल्या लोकांचा ओळखीचा. आपल्याच बोलीतला आणि आपल्याच पाण्याकाठचा चित्रपट पाहण्यास लोकांनी ट्रॅक्टर-टेंपो भरभरून चित्रपटगृहे गाठली, आणि ढोबळ उत्पन्नात शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. त्याच दिवसांत त्याच्या चोरट्या प्रती मोबाइलवरून मोबाइलवर फिरतही होत्या. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, याकडे नुकसानीचे आकडे मांडणारे बहुधा दुर्लक्ष करतात. भारतात चौर्यामुळे २०२३ या एका वर्षात २२,४०० कोटी रुपयांची उलाढाल बाहेरच्या बाहेर गेली असा अंदाज ईवाय ही सल्लागार संस्था व इंटरनेट कंपन्यांची संघटना यांनी मिळून प्रसिद्ध केला. परंतु चोरटी प्रत पाहणारा प्रत्येक मनुष्य ती न मिळती तर तिकीट काढताच, असे गृहीत धरल्यावाचून असले आकडे नुकसान म्हणून वाचता येत नाहीत. ज्या गावाहून जवळचे चित्रपटगृह तीस-चाळीस किलोमीटर लांब आणि शेवटची एस. टी. खेळ सुटण्यापूर्वी निघून जाणारी, तेथील प्रेक्षकाबाबत हे गृहीत धरण्यास मी तरी धजणार नाही.

‘सैराट’नंतर चारच महिन्यांनी, ५ सप्टेंबर २०१६ रोजी, जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा इतका स्वस्त झाला की मेमरी भरून देणाऱ्याचा धंदा आपोआप बसला. कोणत्याही पोलीस धाडीने जे साधले नसते ते दरपत्रकाने साधले. चौर्य मात्र नाहीसे झाले नाही, ते दुकानातून निघून टेलिग्रामच्या वाहिन्यांवर आणि टॉरेंटच्या संकेतस्थळांवर गेले.

टॉरेंट हे साधन काय आहे, हे येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण साधनावरच बंदी घालावी अशी मागणी वारंवार होते. ब्रॅम कोहेन या अमेरिकी तरुणाने २००१ मध्ये काढलेल्या या पद्धतीत मोठी फाइल एका जागी साठवून तेथून सर्वांना वाटीत नाहीत. तिचे शेकडो लहान तुकडे करतात. प्रत्येक तुकड्यास गणिताने काढलेली एक खूण असते, जिच्यावरून तो तुकडा अस्सल की भ्रष्ट हे पडताळता येते. आणि ज्याच्यापाशी जो तुकडा आला असेल तो त्याने इतरांस द्यावयाचा, इतरांपाशी असलेला आपण घ्यावयाचा. घेणारे वाढले की मूळ ठिकाणावरचा भार वाढत नाही, वाटणारे हात वाढतात. टॉरेंटचे संकेतस्थळ स्वतःपाशी चित्रपट ठेवीत नाही. कोणता तुकडा कोणाकडे मिळेल हे शोधण्याचा पत्ता तेवढा ते देते. याच पद्धतीने लिनक्ससारख्या मुक्त संगणक प्रणाली संपूर्ण विधियुक्त रीतीने जगभर वाटल्या जातात. साधन गुन्हेगार की साधन वापरणारा, हा वाद व्हिडिओच्या वेळीही झाला होता. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी, व्हीसीआरचे विधियुक्त उपयोगही पुष्कळ असल्याने तो विकणारी सोनी कंपनी दोषी नाही, असा निवाडा दिला. ज्या यंत्राविरुद्ध चित्रपट कंपन्या भांडल्या, त्याच यंत्रावर चालणाऱ्या फिती विकून त्यांनी पुढे अमाप पैसा मिळविला.

इंटरनेटच्या बाबतीत त्यांनी मागितलेले अधिकार याहून दूरगामी होते. ऑक्टोबर २०११ मध्ये लामार स्मिथ यांनी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ‘सोपा’ हे विधेयक मांडले. पॅट्रिक लेही यांचे ‘पिपा’ त्याआधीच सिनेटपुढे आले होते. परदेशातील एखादे संकेतस्थळ चौर्यास साह्य करते असे ठरले, की इंटरनेट सेवा देणाऱ्यांनी त्याच्या नावाचा पत्ता सांगणे बंद करावे, शोधयंत्रांनी ते दाखवू नये, पैसे पोहोचविणाऱ्या कंपन्यांनी त्याचे व्यवहार तोडावेत आणि जाहिरातदारांनी जाहिराती काढाव्यात, अशी त्यांतली योजना. आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो तेव्हा संगणक आधी एका निर्देशिकेस विचारतो की, या नावाचा अंकांतला पत्ता कोणता. निर्देशिकेने उत्तर देण्याचे नाकारले की वाट खुंटली. यात गोम अशी की, बंद होते ते संपूर्ण संकेतस्थळ, त्यातील एक अपराधी पान नव्हे. नीरा डाव्या कालव्यावर एखाद्याने रात्री मोघा फोडून चोरून पाणी घेतले, तर पाटकरी त्याच्यावर केस करतो. त्या एकासाठी सबंध फाट्याचे दार पाडून टेलपर्यंतच्या पन्नास शेतकऱ्यांचा ऊस वाळविण्याची बुद्धी अजून कोणत्या कालवा निरीक्षकास झालेली नाही. १८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडियाने निषेधार्थ चोवीस तास आपली पाने काळी ठेवली, लाखो नागरिकांनी आपापल्या प्रतिनिधींकडे हरकती नोंदविल्या, आणि दोनच दिवसांत दोन्ही विधेयके बासनात गुंडाळली गेली.

अमेरिकेत जे विधिमंडळाच्या दारातून आत येऊ शकले नाही, ते आपल्याकडे न्यायालयांच्या हुकमांवाटे आधीच येऊन बसले होते, आणि त्याचा गाजावाजाही झाला नाही. जुलै २०११ मध्ये ‘सिंघम’ प्रदर्शित होण्याच्या बेतात असताना रिलायन्सच्या चित्रपट शाखेने दिल्लीहून अशोक कुमारी हुकूम मिळविला, आणि फाइली साठविणारी संपूर्ण संकेतस्थळे ग्राहकांस अकस्मात दिसेनाशी झाली. ज्यांचे दस्तऐवज त्या ठिकाणी ठेवलेले होते, त्यांचा त्या चित्रपटाशी काडीचाही संबंध नव्हता. पुढच्या वर्षी मद्रास उच्च न्यायालयाच्या तशाच हुकमाचा अर्थ सेवादात्यांनी इतका सैल लावला की व्हिमिओसारखी निर्मात्यांच्या स्वतःच्या उपयोगाची स्थळेही अडली, आणि जूनमध्ये न्यायालयास खुलासा करावा लागला की, हुकूम विवक्षित पानांपुरता आहे, सबंध संकेतस्थळांसाठी नाही.

या गोंधळात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी जुलै २०१६ मध्ये ‘ढिशूम’ चित्रपटाच्या प्रकरणी जी शिस्त घालून दिली, ती मला या सर्व इतिहासातील सर्वांत शहाणपणाची वाटते. इरॉस कंपनीने संकेतस्थळांची यादी पुढे केली, तेव्हा त्यांनी सरसकट हुकूम देण्याचे नाकारले. प्रत्येक दुवा तपासा, तो अपराधी असल्याचे शपथेवर सांगा, मग हुकूम मागा, असे बजावले. शिवाय अडविलेल्या पानाच्या जागी ते का अडविले आहे आणि ज्यास अन्याय झाला असे वाटते त्याने दाद कोठे मागावी, याची सूचना झळकली पाहिजे, असा आग्रह धरला. सेवादात्यांनी या सूचनेचा मजकूर असा बेताल लिहिला की, टॉरेंटचे पान नुसते पाहिले तरी तीन वर्षे तुरुंगात जावे लागेल, अशी आवई देशभर उठली. ऑगस्टअखेर न्यायमूर्तींनी स्पष्ट केले की, नुसते पाहणे हा प्रतिलिप्यधिकार अधिनियमान्वये गुन्हा नव्हे. परवानगीवाचून वाटणे, सार्वजनिक रीतीने दाखविणे, विकणे किंवा भाड्याने देणे हा गुन्हा आहे. हा भेद आजही पुष्कळ पोलीस ठाण्यांत आणि त्याहून अधिक घरांत कोणास ठाऊक नसतो.

मायस्पेसच्या प्रकरणी दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर २०१६ मध्ये असा निर्णय दिला की, कोट्यवधी लोक जेथे आपला मजकूर चढवितात त्या मध्यस्थावर प्रत्येक मजकूर आधी तपासण्याचा बोजा घालता येत नाही. विशिष्ट कृतीची विशिष्ट सूचना मिळाल्यावरही त्याने ती काढली नाही तरच तो दोषी. २०१२ च्या दुरुस्तीने व तदनुषंगिक नियमांनी सूचनेनंतर छत्तीस तासांत मजकूर काढण्याची आणि एकवीस दिवसांत न्यायालयाचा हुकूम न आणल्यास तो पूर्ववत करता येण्याची सोय केलीच होती. परंतु वारा उलट दिशेनेही वाहत होता. एप्रिल २०१९ मध्ये त्याच दिल्ली न्यायालयात न्यायमूर्ती मनमोहन यांनी ‘चलत्’ मनाई हुकमाची प्रथा सुरू केली: चौर्यालाच वाहिलेले संकेतस्थळ एकदा अडविले की, ते नाव बदलून जितक्या रूपांनी पुनः प्रकटेल तितकी रूपे नव्या दाव्यावाचून, न्यायालयाच्या सहनिबंधकांकडे अर्ज करून यादीत घालता यावीत. पाठलागाची ही तजवीज व्यवहारतः समजण्यासारखी आहे; तमिळरॉकर्ससारख्या टोळ्या आज एका पत्त्यावर तर उद्या दुसऱ्यावर असतात. पण हळूहळू यादी करण्याचे काम वादीच्या वकिलाचे आणि तिच्यावर शिक्का मारण्याचे काम न्यायालयाचे, असे होऊ नये याची काळजी कोणी घ्यावी, हे त्या हुकमांतून उमजत नाही.

२०२३ च्या जुलैत संसदेने चलच्चित्र अधिनियमात दुरुस्ती करून चित्रपटगृहात चोरून चित्रण करणे व ते प्रसृत करणे यांस किमान तीन महिने व कमाल तीन वर्षे कैद, आणि किमान तीन लाख रुपयांपासून निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड ठेवला. त्याच वर्षी माहिती व प्रसारण मंत्रालयाने बारा अधिकारी नेमले. निर्मात्याने त्यांच्याकडे तक्रार करावी आणि त्यांनी न्यायालयात न जाता थेट मध्यस्थांस दुवा काढावयास सांगावे. लहान मराठी निर्मात्याच्या दृष्टीने ही सोय उपकारक आहे, कारण चलत् हुकमासाठी दिल्लीचा वकील लावण्याची त्याची ऐपत नसते. पण शिक्षेच्या बाजूस मात्र बोजा उतरत्या क्रमाने खाली येतो. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निट प्रो प्रकरणी ६३ व्या कलमाखालील गुन्हा दखलपात्र व बिनजामिनाचा ठरविला. ‘उडता पंजाब’ जून २०१६ मध्ये प्रदर्शनापूर्वी फुटला, तेव्हा फिरणाऱ्या प्रतीवर ती परिनिरीक्षणासाठी दिलेली असल्याची खूण होती, म्हणजे गळती उद्योगाच्या आतल्या साखळीतच कोठेतरी होती. मुद्देमाल म्हणून संगणक जप्त होतो तो मात्र बाजारपेठेतल्या दुकानातला.

कंपन्या आणि कर्ते यांचे हित एकच, असे मानण्याची चाल आहे. तीही तपासून घ्यावी. गीतकार व संगीतकार यांच्याकडून सर्व हक्क एकरकमी लिहून घेण्याची चित्रपटधंद्यातली जुनी वहिवाट २०१२ च्या दुरुस्तीने मोडली, आणि त्यांच्या स्वामित्वधनातील समान हिश्शावर कोणत्याही कराराने पाणी सोडता येणार नाही असे ठरले. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत या दुरुस्तीचा कैवार घेतला, तेव्हा विरोधास उभे होते ते चोर नव्हेत, निर्माते आणि संगीत कंपन्या होत्या. आज तर मालकीचे केंद्रीकरण पूर्वी कधी नव्हते इतके झाले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये डिस्नेच्या स्टार वाहिन्या आणि रिलायन्सचे व्हायाकॉम १८ एक झाले; आणि इंदापुरातल्या ज्या ग्राहकाच्या फोनात जिओचे सिम आहे, त्याला चित्रपट दाखविणारा, क्रिकेट दाखविणारा आणि तो चित्रपट ज्या तारेवरून येतो ती तार राखणारा, असे तिघेही एकाच घराण्यातले झाले. संकेतस्थळ अडविण्याचा हुकूम जो मागतो आणि तो हुकूम जो बजावतो, ते दोघे एक असले म्हणजे हुकूम जरूरीपेक्षा जास्त बजावला जाण्याची भीती ‘सिंघम’च्या वेळी दिसली होती.

मनोरंजन सोडून आणखी एक क्षेत्र या वादात सापडले आहे, आणि ते बारामतीस चित्रपटांहून जवळचे आहे. माळेगाव येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची अजैविक ताणांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था २००९ पासून आहे. दुष्काळ, क्षारपड जमिनी, उष्णता यांस पिके कशी तोंड देतात, हा तिचा विषय. तेथून जवळच शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र आहे. असल्या विषयावरील शोधनिबंध एल्सेव्हियर, वायली यांसारख्या प्रकाशनसंस्थांच्या नियतकालिकांत येतात, आणि एकेक निबंध विकत घेऊन वाचावयाचा तर कित्येकदा दोन-अडीच हजार रुपये पडतात. निबंध लिहिणाऱ्यास त्यातले काहीही मिळत नाही, उलट संशोधनाचा खर्च बहुधा सरकारी तिजोरीतून झालेला असतो. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान यांनी २०११ मध्ये ‘साय-हब’ काढून असे लक्षावधी निबंध फुकट खुले केले. डिसेंबर २०२० मध्ये तीन प्रकाशनसंस्था त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते संकेतस्थळ भारतात अडविण्याचा हुकूम झाला. ‘सैराट’च्याच वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये, याच न्यायालयाने दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्सवाल्यास, अभ्यासासाठी पुस्तकांतील प्रकरणांच्या प्रती काढून देणे शैक्षणिक सवलतीत बसते म्हणून दोषमुक्त केले होते, साय-हबच्या वतीनेही तोच युक्तिवाद होऊ शकत होता. मध्यंतरी केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या नावाने सहा हजार कोटी रुपयांची योजना काढली आणि १ जानेवारी २०२५ पासून तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी शिक्षणसंस्था व केंद्रीय संशोधनसंस्था यांना खुली झाली. त्यामुळे माळेगावच्या राष्ट्रीय संस्थेतील शास्त्रज्ञास आता साय-हबची गरज उरलेली नाही. तिच्या कुंपणाबाहेर क्षारपड जमिनीत ऊस लावणारा पदवीधर शेतकरी आणि तालुक्यातील विनाअनुदानित कृषी महाविद्यालयाचा विद्यार्थी मात्र त्या वर्गणीत धरलेले नाहीत.